पोटातले ओठांवर

आमच्या घरात दुखणे कोणी सांगत नाही. ते अंगावर काढतात. माझ्या सासूबाईंनी मला हे शिकवले, मी माझ्या मुलाला शिकवले आणि मुलाने आपल्या लेकीला तलावात उतरवून शिकवले. माझा मुलगा पोहण्याचा प्रशिक्षक आहे. नात नऊ वर्षांची. पाण्यातली तिची चपळाई पाहून सगळे तिला मासोळी म्हणतात. तलावाची अख्खी लांबी ती श्वास कोंडून पाण्याखालून पार करते आणि वर आली की आधी बापाच्या तोंडाकडे पाहते. शाबासकी दिसली तरच धाप टाकते.

तिच्या पोटात उजवीकडे कळ आली, ती अपेंडिक्सची निघाली. सून नोकरीच्या कामासाठी परगावी गेली होती. तिने फोनवर एवढेच सांगितले, "कापायचं तर कापू दे, पण वाट बघत बसू नका." मुलाला मात्र वाटच बघायची होती. निवड चाचणी तोंडावर आली होती, आणि टाके घातलेल्या पोटाला पाण्यात कोण उतरू देणार?

डॉक्टरीण वयाने लहान, पण बोलण्यात पक्की होती.

"सूज आहे, फुटलेलं नाही, आत खडाही दिसत नाही. अशा मुलांना शिरेतून अँटिबायोटिक देऊन बघता येतं. बऱ्याच जणांचं ऑपरेशन टळतं, काहींचं दुखणं पुन्हा उलटतं. पण एक अट आहे. दुखणं वाढलं तर तिनं सांगितलं पाहिजे. रक्त, सोनोग्राफी सगळं करू आम्ही, पण पहिली खबर तिच्या तोंडून यायला हवी."

"सांगेल की," मुलगा म्हणाला. "खोटं बोलणारी नाही माझी पोरगी."

तो हे मनापासून बोलत होता, हेच अवघड होते.

औषध सुरू झाले. ताप थोडा उतरला, मासोळीने पाणी मागितले, आणि बापाने खाटेशेजारी बसून पुढच्या सरावाच्या गोष्टी काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीण तपासायला आली तेव्हा तोच पुढे होऊन विचारीत होता.

"दुखतंय का गं?"

"नाही, बाबा."

"अजिबात?"

"अजिबात."

डॉक्टरणीने पोट दाबून पाहिले. पोरीचा चेहरा पाटीसारखा कोरा. पण मी पायथ्याशी बसले होते. चादरीबाहेर आलेली तिची पावले मला दिसत होती. बोटे इतकी आवळलेली की नखे पांढरी पडली होती.

"हिच्या पोटात एक आणि ओठात एक आहे," मी म्हणाले.

"आई, तू डॉक्टर कधी झालीस?"

"तुला वाढवलं तेव्हा. हात मोडला होता तुझा, तरी 'काही नाही' म्हणत शाळेत गेला होतास. ओळखते मी हे तोंड. ऊठ आणि बाहेर जा."

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच."

गळ्यात शिट्टी अडकवलेला तो चाळिशीतला माणूस उठला आणि मुकाट्याने दाराबाहेर गेला. माझा शब्द घरात खाली पडत नाही, याचा त्या क्षणीसुद्धा मला अभिमान वाटला. मी नातीकडे वळले.

"गेले बाबा. आता सांग, दुखतंय ना?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले; बापाकडे पाहते, अगदी त्याच नजरेने.

"नाही, आजी."

डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "आजी, तुम्हीसुद्धा."

आजवर मला कोणी कोणत्याही खोलीतून उठवले नव्हते. मी मान ताठ ठेवून बाहेर आले आणि बाकावर मुलाच्या शेजारी बसले.

"तुलाही हाकललं?"

"मी आपणहून उठले."

"हो. मीही तसाच उठलो."

बराच वेळ दार बंद होते. मग डॉक्टरीण बाहेर आली.

"दुखणं कालपासूनच वाढत होतं. मी पुन्हा तपासलं, आता पोट कडक लागतंय. औषध पुरं पडत नाहीये, ऑपरेशन करावं लागेल. सही द्या." तिने मागचे दार लोटून घेतले. "खूप रडली ती. तुम्हा दोघांना सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी शब्द मोडतेय. कारण ऑपरेशननंतरही तिला दुखणार आहे, आणि दर वेळी मी खोलीत नसेन."

मुलाने सही केली. लेखणी परत देताना तो पुटपुटला, "औषधानं बऱ्याच मुलांना गुण येतो म्हणाल्या होत्या."

"येतो," मी म्हणाले. "दोष औषधाच्या माथी मारू नकोस."

नातीला चाकांच्या स्ट्रेचरवरून बाहेर आणले. तोंड धुऊन, पुसून कोरडे केलेले. डोळे तेवढे लाल. मी हात वर करताच गाडी ढकलणारा थांबला. मी सांगितले की लोक थांबतात. तिच्या कपाळावर हात ठेवून, मला जमेल तेवढ्या मऊपणाने मी म्हणाले, "रड, बाळा. रडलं तरी चालतं."

तिने माझा चेहरा लक्षपूर्वक वाचला. ही कसली परीक्षा आहे, एवढेच ती शोधत होती.

"मी नाही रडत, आजी," ती म्हणाली, आणि उत्तर बरोबर आले की नाही, याची वाट पाहू लागली.