आश्रयवृक्षाचा रकाना

"मावशी, हा कागद बाजूला काढा. याचा आश्रयवृक्ष लिहिलेला नाही."

मावशींच्या हातातली सुई थांबली. मॅडमनी बोट ठेवलेल्या कागदाकडे त्यांना बघायचीही गरज नव्हती. बावीस वर्षांपूर्वी या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडपाल्याच्या संग्रहात, त्या कामाला लागल्या, तेव्हा त्यांनी पाला शिवून लावलेला हा पहिला कागद. टाके वेडेवाकडे, डिंकही जास्त झालेला.

"बाजूला म्हणजे कुठं?"

"संशयितांच्या गठ्ठ्यात. बांडगूळ कुठल्या झाडावर होतं तेच माहीत नाही, तर नोंद कसली? नकाशावर ठिपका देता येणार नाही. उद्या सगळं छापायला जातंय."

भिंतीवर जगाचा नकाशा होता. बांडगुळांच्या एका कुळाचा पसारा मॅडम सहा वर्षं त्यावर मांडत होत्या. हजाराच्या आसपास जाती. कुणाची फुलं पेटल्यासारखी लाल, कुणाची इतकी बारीक की भिंग लागावं. एखादी तर चक्क जमिनीत मूळ रोवून झाड होऊन उभी राहते, आणि तरी मातीखालून शेजारणीच्या मुळाला तोंड लावतेच. देवाची करणी बघा. फुलटोच्या पाखराने फळ खावं, चिकट बी फांदीला पुसून उडून जावं, आणि त्या बीने जिथे चिकटलं तिथेच जन्म काढावा. झाड कोणतं हवं, असं त्याला कुणी विचारत नाही.

या कागदावरच्या जातीचे ठिपके चार, तेही सगळे समुद्रापलीकडे. अलीकडचा हा एकच.

"हे जिथं सापडलं तिथं परत जाऊन बघता नाही येणार?" मावशींनी विचारलं.

"तो डोंगर राहिलाय कुठं? खाणीत गेला. आता हा कागद म्हणेल तेच खरं. आणि हा अर्धाच बोलतोय."

पलीकडून नोंदणीवाले काका म्हणाले, "मावशींना विचारा. पाल्याशी तासन्‌तास गुजगोष्टी करतात. आम्हा माणसांच्या वाट्याला नुसतं 'हो' नि 'नाही'."

"पाला मधे बोलत नाही," मावशी म्हणाल्या. काका हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी सुई गादीत खोचली. "मॅडम, मला दुपारची सुट्टी हवी. दोन तासांत येते. तोवर तो कागद गठ्ठ्यात घालू नका."

बावीस वर्षांत मावशींनी अशी सुट्टी मागितली नव्हती. मॅडमनी मान हलवली.

मावशींचा नवरा इथेच कामाला होता. झाडावर चढायचं काम. बांडगूळ उंचावर असतं, आणि तेव्हा इथले प्रमुख असलेल्या मोठ्या सरांना तर शिडीवरही गरगरायचं. नवऱ्याची रीत ठरलेली. बांडगूळ सांध्याशी कापायचं आणि खाली धरलेल्या चादरीत टाकायचं. मग ज्या फांदीवर ते होतं तिचा तुकडा पानांसकट कापून सदऱ्याच्या खिशात घालायचा, कारण उतरताना दोन्ही हात लागतात. त्या दिवशी या कागदावरचं बांडगूळ चादरीत अलगद पडलं. माणूस चादरीत पडला नाही. सरांनी पुढे कागदावरची नोंदीची चिठ्ठी लिहिली, पण झाड कोणतं ते त्यांना आठवेना, आणि पुन्हा त्या डोंगरावर जायचं त्यांचं काळीज झालं नाही.

दवाखान्यातून मावशींच्या हातात सदरा आला. खिशात तो तुकडा होता.

दोन तासांनी मावशी परत आल्या. छाती धपापत होती. त्यांनी गोल पत्र्याची डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत कापसावर बोटभर फांदी, तीन पानं आणि दोन सुकलेली फळं.

मॅडमनी कागदावरच्या बांडगुळाचा सांधा भिंगाखाली घेतला. चिमट्याने फांदीचा काप त्याला टेकवला. एका कडेला कोयता घसरल्याची तिरकी खूण होती. ती खूण या तुकड्यावरून त्या तुकड्यावर सरळ गेली.

"रानअंजीर," मॅडम हळूच म्हणाल्या. मग मान वर केली. "मावशी, हे इतकी वर्षं तुमच्याकडे होतं?"

"हो."

"दिलं का नाहीत?"

मावशींनी पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला. "पहिल्याच आठवड्यात द्यायला हवं होतं. रकाना रिकामा दिसत होता मला. रोज ठरवायची, उद्या नेते. घरी दुसरं कुणी नव्हतं, मॅडम. जेवताना समोर ठेवायची. चूक झाली."

नोंदणीवाले काका उगाच कपाटातली कागदपत्रं हलवत राहिले.

"मी घेतलं तर ते इथलं होईल," मॅडम म्हणाल्या. "परत देता येणार नाही. अजून विचार करा."

"केला. येताना वाटभर तेच केलं. तुम्ही दोरा द्या."

मावशींनी स्वतःच शिवलं. तीन टाके, तिन्ही सरळ. ओठांत कसलंसं भजन होतं, नेहमीचंच. पण पानाच्या देठाशी आल्यावर ते थांबलं आणि टाका पुरा झाल्यावर पुन्हा सुरू झालं.

काकांनी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. आश्रयवृक्ष लिहिला, आणि लेखणी उचलून ते म्हणाले, "फांदी कुणी काढली, तेही लिहायचंय. नाव सांगा, वहिनी."

इतक्या वर्षांत ते प्रथमच वहिनी म्हणाले. मावशींनी नाव सांगितलं. ते मोठ्याने म्हणायची वेळच इतक्यात आली नव्हती, म्हणून घसा खाकरून पुन्हा एकदा सांगावं लागलं.

मॅडमनी नकाशावर पाचवा ठिपका दिला.

संध्याकाळी मावशींनी ताट वाढून घेतलं. डबी धुऊन खिडकीत पालथी घातली होती. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, जिथे ती इतकी वर्षं बसायची, तिथे रंग न उडालेला एक गोल राहिला होता. त्यांनी पाण्याचा पेला उचलून त्या गोलावर ठेवला. पेला लहान पडला. गोल सगळीकडून उरला. त्यांनी हात जोडले, आणि जेवायला सुरुवात केली.