दाराशी निळं, दिव्याखाली सोनेरी

छपराखालच्या त्या लांबलचक कापडबाजारात चार दिवस कुणाचंच धंद्यात लक्ष नव्हतं. सगळी गर्दी आतल्या टोकाला, रंगबुवाच्या खुर्चीभोवती. हा इसम दाराकडच्या गाळ्यांवर फिरून फोनने माणसाचा फोटो काढायचा आणि त्यात म्हणे आत्म्याचा रंग उमटायचा. निळा उमटला तर अंगात विष. मग तीन दिवस बुवाच्या खुर्चीशेजारी शुद्धीला बसायचं, की तोच माणूस फोटोत सोन्यासारखा. आणि फोटो खरोखरच तसे येत होते, हीच तर पंचाईत होती. बायका एकमेकींच्या खांद्यावरून माना लांब करून बघायच्या आणि तोंडावर हात ठेवायच्या.

शिलाईवाल्या काकीने हा तमाशा तमाशा म्हणून सोडून दिला असता. पण बुवा फिरत फिरत मोठ्या दरवाजापाशी, तिच्याच गाळ्यावर आला आणि तिच्या सुनेचा फोटो काढून मोकळा झाला. चेहरा अर्धा निळा, अर्धा साधा.

"घर पोखरणारी छाया आहे," बुवा म्हणाला. "हिला उंबऱ्याबाहेर काढा, नाहीतर..."

नाहीतर काय, ते त्याने सांगितलं नाही. ते ऐकणाऱ्याने आपापल्या भीतीप्रमाणे भरून घ्यायचं असतं. या लोकांचा धंदा त्यावरच चालतो.

काकीच्या लेकाने भरून घेतलं. वडील गेले, शिलाईचं मशीन जळालं, सगळं लग्नानंतरच झालं, असं तो बोलू लागला. वडील म्हातारे होऊन दम्याने गेले आणि मशीनची वायर उंदराने कुरतडली, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? पण दुसऱ्या दुपारी तो बायकोची बॅग भरून गाळ्यावर आला. संध्याकाळच्या गाडीने तिला माहेरी पोचवायचं. काकीने समजावलं, मग झापलं, मग चारचौघांत लाज काढली. त्याचं एकच: "आई, फोटो खोटं बोलत नाही."

सून पुढ्यातल्या सदऱ्याची काजं करत राहिली.

काकीच्या मस्तकात तिडीक गेली. एवढा शिकवला, तो ह्यासाठी? तेवढ्यात शेजारची बटणवाली गिऱ्हाइकाला सांगत होती की ताई, दिव्याखाली रंग ठरवू नका, कापड दाराशी नेऊन बघा, घरी गेल्यावर वेगळाच निघेल.

काकी तिच्याकडे बघतच राहिली. "बये, दिवसातून पन्नासदा हे सांगतेस, आणि त्या भामट्यापुढे मान डोलावतेस?"

तिने गाळ्यातला कापडी पुतळा उचलला, पांढरा कुडता घातलेला, आणि सुनेच्या जागी उभा केला. एका अंगाला दरवाजातला उजेड, दुसऱ्या अंगाला गाळ्यातला पिवळा बल्ब. मग बुवाला निरोप धाडला, एक नवीन रोगी आहे.

बुवा आला, मागून बाजार आला. पुतळा बघून बुवा म्हणाला, निर्जीव वस्तूला आत्मा नसतो. काकी म्हणाली, मग रंगही येणार नाही, काढा. लोकही काढा काढा करू लागले, तेव्हा त्याला काढावाच लागला. फोटोत कुडता अर्धा निळा.

"बघा," बुवा डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "छाया आता पुतळ्यात शिरली."

आणि लोकांनी माना डोलावल्या. काकीला वाटलं, कपाळ भिंतीवर आपटावं. स्वतःचं नव्हे, ह्यांचं.

तिने बुवाच्या हातातून फोन काढून घेतला. वाचता तिला जेमतेम येई, पण चित्राला कुठे वाचावं लागतं? कडेला एक बल्ब होता, एक सूर्य. फोटोआधी बुवाचा अंगठा तिथे सरकताना तिने पाहिला होता. तिने सूर्य दाबून फोटो काढला. निळं गायब, बल्बाकडची बाजू हळदीसारखी पिवळी.

"दिवसाचा उजेड निळसर असतो, बल्बचा पिवळा," ती म्हणाली. "आपले डोळे दोन्ही सांभाळून घेतात म्हणून कळत नाही. या यंत्राला एका वेळी एकच उजेड सांभाळता येतो. दाराशी हा बल्बाचं चित्र दाबतो, माणूस निळा. आत नुसते बल्ब, तिथे सूर्य दाबतो, माणूस सोन्याचा. झाली तुमची शुद्धी."

मग तिने गाळ्यातला बल्ब विझवला, सुनेला दरवाजाकडे तोंड करून बसवलं आणि फोटो काढला. सगळा चेहरा एका रंगाचा, गव्हाळ, जसा आहे तसा. डोळे मात्र सुजलेले.

बुवाने फोन परत मागितला, आणि फार नम्रपणे मागितला. पण तीन दिवस शुद्धीला बसलेल्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या होत्या आणि त्यांना बरंच विचारायचं होतं.

लेक गुपचूप बॅग आत ठेवायला निघाला. सुनेने ती धरली.

"राहू दे. मी जाते चार दिवस," ती म्हणाली. "तीन वर्षं माझं तोंड तुमच्यासमोर होतं. ते पाहून नाही कळलं तुम्हाला?"

काकीने सुनेच्या हातात डबा दिला आणि लेकाला बॅग उचलायला लावली.

ती परत येईल की नाही, ते तिचं ती ठरवेल. पण बाबांनो, कुणी फोटोतून, राखेतून, पाण्यातून माणसाचं पाप काढून दाखवू लागला, तर घरातलं माणूस बाहेर काढण्याआधी त्याचा हात कुठे आहे ते बघा आणि तोच प्रयोग आपल्या हाताने करून बघा. एवढ्याला शाळा लागत नाही.