तराफ्यावरची नवी कोनफळं

वैनिबुका नदीच्या धारेत बांबूंच्या तराफ्याने वेग घेतला, तशी विनीची घालमेल आणखी वाढली. घटकेत केळीचे घड सारखे कर, घटकेत अळकुड्यांवर पाणी शिंपड, मग पुन्हा डोळे पुढच्या वळणाकडे. दुपारी नौसोरीच्या पुलाखाली सुवा शहरातली माणसं जमायची होती. शहराने दुकान सोडून नदीकाठी यावं, पिकवणाऱ्याच्या हातून घ्यावं, आणि घेताना त्या मळ्याचं गाणं ऐकावं, अशी ही तिची कलाकृती. चित्रकलेचं शिक्षण संपल्यापासून तिने हाच एक ध्यास घेतला होता.

"बस गं जरा," लांब काठीने तराफा वळवत आपोरोसा म्हणाला. हा तिचा आतेभाऊ. चिडवण्याचा हक्क जन्मापासूनचा. "तुझ्या येरझाऱ्यांनी बांबू झिजले तर शहरवाल्यांना पोहत गाणं ऐकवणार का?"

"तू काठी सांभाळ. तुझ्यापेक्षा गोगलगाय बरी."

उलामिला आत्या मधोमध बसून प्रार्थना पुटपुटत होती. "आमेन" म्हणून तिने डोळे उघडले, पाय पसरायला नारळाच्या पात्यांची एक झाप बाजूला केली आणि हात तसाच राहिला. खाली मातीने माखलेली कोनफळं होती.

"ही कुठली गं?"

"बाबांच्या मळ्यातली. पहाटे मीच खणली. सगळ्यांच्या वर मांडणार आहे."

"नव्या पिकाचं पहिलं फळ चर्चमध्ये वाहायचंय अजून, विनी. त्याआधी विकत नाहीत."

"गेल्या रविवारीच झालं ना?"

"गेल्या रविवारी गावातल्या एका म्हातारीचं दफन होतं. पाद्रीबाबांनी ते येत्या रविवारी ठेवलंय. गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

सगळ्यांना. विनी कालच शहरातून आली होती आणि आल्यापासून तिने तराफ्याखेरीज कशाचीच चौकशी केली नव्हती.

"शहरात कोणाला कळतंय, आत्या? मळ्यात आहेत की अजून."

"शहराला नाही कळणार," आत्या हळूच म्हणाली. "पण पहिलं निघालं ते हेच. हे विकून टाकलंस, तर तुझा बाप चर्चमध्ये गावप्रमुखासमोर काय घेऊन उभा राहील?"

विनीने आपोरोसाकडे पाहिलं.

"परत फिरव."

"तराफा खालीच जातो, विनी. प्रवाहाविरुद्ध चढलेला पाहिलायस कधी? पुढे रस्ता काठाला लागतो, तिथे टेकवतो."

"मी नेते परत," आत्या म्हणाली. "तू जा. तुझी माणसं थांबलीत."

विनीला तेच हवं होतं. होकार ओठांवर आला होता. पण दारात आत्या पोतं घेऊन उभी राहील आणि बाबा विचारतील, विनी कुठेय? तिने पोतं ओढलं आणि त्यात एकेक कोनफळ भरू लागली.

"खणली मी, नेणारही मीच. मळ्यांची गाणी तुझीच आहेत, पुलाखाली तूच गा."

"माइकवर? त्या शहरी बायकांपुढे?"

"आई, तुझा आवाज नदीपलीकडे जातो," आपोरोसा म्हणाला. "काळजी माइकने करावी."

तिला पोत्यासकट काठावर उतरवून तराफा वळणाआड गेला. आत्याने पहिल्या मळ्याचं गाणं चुकून दुसऱ्या चालीत धरलेलं विनीला काठावरून ऐकू आलं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण आवाज पोचला नसता.

गावाकडची बस आली. पोत्याकडे बघून चालक म्हणाला, "पोरी, बाजार त्या बाजूला."

"माहितीय."

बसमध्ये जागा होती, पण ती बसली नाही. दारापाशी पोतं कवटाळून उभी राहिली. बाबांना काय सांगायचं, याचं पहिलं वाक्यच जुळत नव्हतं.