गरम घडी

माझ्या भावाचं, हनीफचं, डोकं फिरलंय असंच मी धरून चालले होते. नाहीतर कुणी आपल्या तोंडाने सांगतं का, की आगबोट माझ्या बिडीने पेटली म्हणून? तेही रमजानात, भर दिवसा!

साहेब लोकांना मुंबईहून कोलंबोला सैरीला नेणारी ती बोट. हनीफ तिच्यावर इस्त्रीवाला. नाताळच्या सफरीत टॉवेल-चादरींच्या कोठीत आग लागली आणि तीन माणसं गेली. त्यांतल्या एकाला बाहेर ओढताना हनीफचे दोन्ही हात भाजले. कोठीत बिडीला सक्त मनाई होती, तेव्हा कबुली कायम राहिली की तुरुंग ठरलेला. आता ईदही होऊन गेली होती आणि तो नाशकात, आमच्या दूधबाजारातल्या घरी, हातांना पट्ट्या बांधून बसला होता. चौकशीचे पारशी साहेब त्याची जबानी घ्यायला येणार होते.

अम्मा त्याच्याशी बोलत नव्हती. तुरुंग तिने एक वेळ सोसला असता, पण रोजा मोडला हे तिला सोसत नव्हतं. नाशिक रोडला गाडीत बसवताना एकही रोजा मोडणार नाही असं तिने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. त्याला घास मी भरवायची आणि अम्मा पाठ फिरवून इस्त्री करत राहायची. मी म्हटलं, अगं मरणाच्या दारातून आलाय पोरगा, तर म्हणाली, ताहेरा, तुझं तू बघ.

साहेब आले, बाजेवर बसले. बिडीचं त्यांनी विचारलंच नाही. कोठीला कुलूप कधी लावलंस, धूर कधी दिसला, हेच खोदून खोदून विचारत राहिले. मग म्हणाले, एक थप्पी अर्धी वाचली आहे. तिच्या वरचा टॉवेल नुसता धुरकटलाय आणि मधल्यांचा कोळसा झालाय. बिडी थप्पीच्या पोटात कशी जाईल?

हनीफ मान खाली घालून एकच घोकत होता, बिडी माझीच. अरे, साहेब दार उघडून उभा आहे आणि हा शहाणा आतून कडी लावतोय!

साहेबांची नजर अम्माकडे गेली. हे काम कुणी शिकवलं, त्यांनी विचारलं. तेव्हा कुठे अम्मा वळली. देवळालीच्या बंगल्यांच्या चादरींची इस्त्री चालली होती. तिने एकीवरून इस्त्री फिरवली, झटक्यात घडी घातली, थप्पीवर ठेवली आणि तळव्याने दाबली.

"मी शिकवलं. गरम असतानाच घडी घालायची आणि दाबून ठेवायची. मग मोडत नाही."

"अम्मा, तू बोलू नकोस," हनीफ म्हणाला. आमच्या घरात अम्माला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

साहेबांनी बाही सरकवून थप्पीच्या मधोमध हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मलाही घालायला लावला. वरची चादर निवली होती. आत मात्र चांगलीच ऊब होती. साहेब हळू आवाजात सांगू लागले. इथे कापड स्वच्छ असतं, चार बाजूंनी वारा असतो, म्हणून ते निवतं. बोटीवरच्या टॉवेलांत साहेब लोकांच्या मालिशचं तेल मुरलेलं, साबणाने सगळं निघत नाही. ते टॉवेल गरम गरम दाबून कोठीत कोंडले, की तेल आपोआप आणखी तापत जातं आणि ठिणगीवाचून पेटतं. कंपनीने हे एकाही इस्त्रीवाल्याला सांगितलेलं नाही.

करपल्याचा वास आला. अम्माच्या हातातली इस्त्री चादरीवर तशीच टेकलेली होती. तिच्या हातून कधी कापड जळलं नव्हतं. मी धावत जाऊन ती उचलली.

"हनीफ, तुला ठाऊक होतं?" अम्माने विचारलं.

"ती जळकी थप्पी बघितली तेव्हाच कळलं."

"मग बिडी कुठून काढलीस?"

"तीन माणसं गेली, अम्मा. ते तुझ्या डोक्यावर कशाला?"

मला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि रडूही आलं. साहेब म्हणाले, ज्यांना सांगितलंच नाही त्यांचा गुन्हा होत नाही. कपडे निववूनच रचावेत, कोठीला झरोके हवेत, हा नियम मी प्रत्येक बोटीला लावायला सांगेन. पण कबुली रद्द व्हायची तर अम्माने आत्ताचं बोलणं जबानीत द्यायला हवं. हनीफने नको म्हणून मान हलवली. अम्माने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"लिहा साहेब. गरम घडी आईने, माजिदाने शिकवली. पोराने तिचं ऐकलं."

साहेब गेल्यावर ती उठली. थप्पी मोडून तिने एक एक चादर दोरीवर टाकली. मग माझ्या हातातली ताटली काढून घेतली आणि हनीफसमोर बसली.

"त्या दिवशी तुझा रोजा होता?"

"होता, अम्मा."

तिने भाकरीचा तुकडा डाळीत बुडवला. डाळीतून वाफ येत होती. तिने घासावर फुंकर घातली, परत घातली, पुरता निववला आणि मग त्याच्या तोंडात दिला.