दादाच्या मापाचा नमुना

आमचे धाकटे दीर हल्ली दुकानात छाती पुढे काढून बसतात. गिऱ्हाईक शर्ट शिवायला आलं की टेप गळ्यातच ठेवतात आणि आधी विचारतात, "दादाला मी कसं वाचवलं, ऐकलंत का?" ऐकलेलं असलं तरी पुन्हा ऐकवतात. परवा एका बाईंचे तर डोळे भरून आले. तेव्हा म्हटलं, आता पुरे. खरं काय घडलं ते मीच सांगते. कोणी जेवता जेवता वाचत असेल तर आधी जेवण उरकून घ्या.

खाली आमचं शिंप्याचं दुकान, वर घर. घरात माणसं चार. आमचे हे म्हणजे थोरले मास्तर, मी, धाकटे मास्तर आणि त्यांची बायको, माझी जाऊ. चौघांत संडास एक. हे लक्षात ठेवा, सगळं महाभारत तिथेच घडलं.

गल्लीच्या तोंडाशी सरकारी दवाखाना आहे. तिथली नर्सबाई एक दिवस पिशवीभर पाकिटं घेऊन आली. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला एक, फुकट. आत बोटाएवढी नळी, नळीच्या झाकणाला काडी. सकाळी कागदावर संडास करायची, काडी त्यात चार ठिकाणी टोचायची, नळीत घालून झाकण लावायचं, वर नाव आणि तारीख लिहायची आणि दवाखान्यात नेऊन द्यायची. डोळ्याला न दिसणारं रक्त यंत्राला दिसतं म्हणे, आणि आतड्याचा कॅन्सर डोकं वर काढायच्या आत सापडतो.

"पण मावशी, देतंय कोण?" नर्सबाई म्हणाली. "शंभर पाकिटं वाटावीत तेव्हा तीस परत येतात. त्यातही बायकांचीच. पुरुष हात लावत नाहीत."

"त्यांना वाटतं, आपल्या पोटात अत्तर तयार होतं," मी म्हटलं.

दवाखान्याच्या भिंतीवर तिने फळा लावला होता. कुठल्या गल्लीतून किती नळ्या आल्या त्याचे आकडे. आमची गल्ली सगळ्यात खाली. पाकिटं चौसष्ट, नळ्या नऊ. मागच्या गल्लीतल्या, कचरा आमच्या दारात लोटणाऱ्या लोकांच्या नळ्या तेवीस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच दिवशी मी घरोघर फिरायला लागले.

न्हावी म्हणाला, "मावशी, मला काही होत नाही हो."

"झाल्यावर तुला डॉक्टर विचारतीलच. आत्ता मी विचारतेय."

पोस्टातून निवृत्त झालेले काका नाक मुरडून म्हणाले, "असलं पाकीट हातात धरून मी रस्त्याने चालू?"

"तुम्ही जन्मभर वाटलेल्या पत्रांत याहून घाण मजकूर असायचा. चाला."

दोन आठवड्यांत आमच्या गल्लीच्या एक्केचाळीस झाल्या. फळ्यावर आम्ही पहिले. त्या एक्केचाळिसांत आमच्या घरच्या चार धरलेल्या होत्या, आणि घोळ झाला तो त्या चारांतच.

रविवारी सकाळी मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. जाऊ आणि मी पाच-पाच मिनिटांत मोकळ्या झालो. मग हे गेले. ह्यांचं काम झालं, नळी भरली, तेवढ्यात खालून हाक आली. कोणी साहेब पँटची ट्रायल घ्यायला आलेले. "आवरतो येऊन!" म्हणून हे कागद-बिगद तसंच टाकून खाली पळाले. त्यानंतर पाळी धाकट्या मास्तरांची. ते आत गेले आणि दीड मिनिटात बाहेर. हातात भरलेली नळी, चेहरा उजळलेला. "वा भावजी, काम चोख!" असं मी स्वतःच्या तोंडाने म्हटलं. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

दीड मिनिटात काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला पुढचे पाच आठवडे लागले.

आधी ह्यांची नळी परत आली. वर तारीखच नाही, म्हणून तपासता येत नाही. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक चिठ्ठीवर तारीख घालणारा माणूस, स्वतःच्या नळीवर विसरला. नर्सबाईने नवं पाकीट दिलं. ह्यांनी ते मशीनवरच्या फळीवर ठेवलं. "शाळेचे गणवेश संपू देत, मग बघू." गणवेशांचा ढीग छताला टेकलेला.

मग धाकट्या मास्तरांच्या नावाने पत्र आलं. रक्त आढळलं आहे, दुर्बिणीच्या तपासणीला या. जाऊने तशीच नर्सबाईला हाक धाडली. नर्सबाई धावत आली. "घाबरू नका. शंभरातल्या पाच-सहा जणांना असं पत्र येतं. त्यातल्या बऱ्याच जणांना नुसती मूळव्याध निघते, काहींना आतड्यात बारीक कोंब, मांसाची गाठ असते तशी. पण यायचं मात्र नक्की."

"मी येणार नाही," धाकटे मास्तर म्हणाले. "मला काहीही झालेलं नाही." इतक्या ठामपणे, की मला क्षणभर कौतुकच वाटलं. मरणाला न भिणारा माणूस आपल्या घरात आहे!

पण दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. हे कापडाचा तागा उचलायला गेले की धाकटे मास्तर झडप घालून तो हिसकावून घ्यायचे. ह्यांच्या पाठीला उशी आणून ठेवायचे. दिवसातून पाच वेळा, "दादा, पोट दुखतं का रे?" एकदा काज करता करता भावाच्या पाठमोऱ्या मानेकडे बघून ह्या माणसाने चक्क नाक पुसलं.

हे मला म्हणाले, "अगं, पत्र आलंय याला आणि हा पोचवायला निघालाय मला!"

हे हसले. मला मात्र हसू आलं नाही. बाराव्या दिवशी मी इस्त्रीच्या टेबलापाशी धाकट्या मास्तरांची वाट अडवली. त्यांच्या हातात गरम इस्त्री होती, तरी मागे तेच सरले.

"भावजी, ती नळी कुणाची?"

"माझीच. नाव आहे ना माझं."

"नाव तुमचं. आतला माल कुणाचा?"

हातातली इस्त्री त्यांनी कॉलरवर टेकवली ती तशीच राहिली; कॉलर करपायला लागली, तेव्हा तोंड उघडलं. "वहिनी, मला नाही जमत हो ते. तुम्ही बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या! आणि दादाचं तिथे आयतंच होतं. चाळीस वर्षं माझे कपडे दादाच्या मापावर बेततोय आम्ही, कधी एक टाका उसवावा लागला नाही. मला वाटलं, आतूनही तेच माप असणार."

मी इस्त्री उभी केली. रागवायला तोंड उघडलं, पण मनात एकच हिशेब चालला होता. ते रक्त ह्यांचं. पत्र येऊन बारा दिवस झाले. आणि हे खाली गणवेशाला खिसे लावत बसलेत.

चप्पल उलटसुलट घालून मी दवाखाना गाठला. नर्सबाईने ऐकलं, कपाळावर हात मारला, आधी हसू दाबलं आणि मग फोन उचलला. फळ्यावरचे एक्केचाळीस पुसून तिने चाळीस केले.  त्या दिवशी मागच्या गल्लीचे पन्नास असते तरी मी भांडले नसते.

आठवड्यात ह्यांची तपासणी झाली. आम्ही तिघं बाहेर बाकावर. धाकटे मास्तर मध्ये बसलेले, दोन्ही बाजूंनी कोणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. आतड्यात शर्टाच्या बटणाएवढा कोंब होता, तिथल्या तिथे काढला. पुढे तपासून कळवलं, कॅन्सर नाही, पण दोन-चार वर्षं राहिला असता तर झाला असता. आता तीन वर्षांनी पुन्हा दाखवायचं. वेळेवर आलात, असं म्हणाल्या.

ते "वेळेवर" धाकट्या मास्तरांनी उचललं. "म्हणजे मी दादाचं घेतलं नसतं तर?" आणि मेलं ते खरंही होतं! ह्यांची स्वतःची नळी परत आलेली, नवं पाकीट फळीवर. गणवेशांनंतर कोट आले असते, कोटांनंतर आणखी काही. हेच मला सलतं. चोरी केली, आणि चोरीलाच फळ आलं. तेव्हापासून ही छाती.

काल पुन्हा तेच. दुकानात न्हावी, पोस्टातले काका, आणखी दोन गिऱ्हाइकं, आणि धाकटे मास्तर मधोमध, "मी दादाला कसं वाचवलं..." नर्सबाईने त्यांना दिलेलं नवं पाकीट तीन आठवडे खडूच्या डब्याखाली कोरं पडलेलं. मी ते उचललं आणि सगळ्यांदेखत त्यांच्या हातात ठेवलं.

"भावजी, तुमच्या चोरीने हे वाचले, हे मी चारचौघांत कबूल करते. पण पत्र आल्यावर बारा दिवस तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि तुम्ही भावाला उशा आणून देत बसलात, बोलला नाहीत. ते बारा दिवस मी माफ करणार नाही. मी आहे तोवर रोज सुनावणार. आणि ऐकून घ्यायला तुम्ही धडधाकट हवे आहात मला, तेव्हा उठा. संडास रिकामा आहे, खुर्ची मी जिन्याखाली नेऊन ठेवलीय, आणि आज तुमच्याआधी घरातलं कोणीही आत जाणार नाही."