सिमेंटची बरगडी

आप्पांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, म्हणजे ते आता बोटींच्या यार्डात फक्त सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढाच वेळ येत. दारापाशी खुर्ची टाकून बसत आणि लेकीच्या रंध्याचा नुसता आवाज ऐकून चुका काढत. यार्ड ही लेक, ताई, चालवायची. कामगारही तिला ताईच म्हणत. मालकीण म्हणायची आप्पांसमोर कुणाची छाती नव्हती.

अशात दातांच्या डॉक्टरांची जुनी यॉट दुरुस्तीला आली. ऐंशी वर्षांची, अस्सल सागवानी, दुरून फारच देखणी. डॉक्टरांनी यॉटबरोबर बोटींवरची तीन पुस्तकंही विकत घेतली होती, त्यामुळे ज्ञानाचा प्रश्न मिटला होता. दर रविवारी ते पांढरेशुभ्र बूट घालून येत आणि मूळ लाकडाला हात लावायचा नाही, असं बजावत. कुजलेलं असलं तरी? ताईने विचारलं. कुजणं हासुद्धा इतिहासच, असं उत्तर आलं. किडक्या दातांबाबतही त्यांचं हेच धोरण आहे का, हे विचारायचा मोह ताईने गिळला.

आप्पांचं आणि डॉक्टरांचं मात्र चांगलंच सूत जमलं. पूर्वी काम म्हणजे काम होतं, आताचे लोक भेगांत नुसती लांबी भरतात आणि वर रंग फासतात, असं आप्पा सांगत. हे सांगताना ते लेकीकडे बघत नसत, एवढी सभ्यता पाळत.

तिसऱ्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी, ताईने बोटीच्या पोटाची एक फळी उतरवली. फळ्यांना धरून ठेवणारी आतली लाकडी बरगडी अर्धी गायब होती आणि तिच्या जागी सिमेंट होतं. छान घोटलेलं, वर तपकिरी रंग, रंगात लाकडाच्या रेषासुद्धा काढलेल्या. कुणीतरी फार जीव ओतून फसवणूक केली होती. फळीच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख होती आणि खाली सही. ती सही ताईने दहा वर्षं स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती.

यार्डातल्या सगळ्यांना बोलवून दाखवावं, असं तिला आधी वाटलं. मग तिने तारीख पुन्हा वाचली. त्या महिन्यात आई दवाखान्यात होती. तिथूनच ती गेली. ताईने फळी पालथी ठेवली आणि गुपचूप पटाशी चालवली.

पण सिमेंटवर पटाशीचा आवाज वेगळा येतो. आप्पा उठून आले. मागोमाग, कधी नव्हे ते वेळेवर, डॉक्टरही टपकले.

"थोडा ओलावा धरलाय, बदलावं लागेल," ताई म्हणाली.

"खोटं बोलू नकोस," आप्पा म्हणाले. "डॉक्टर, हे माझं काम. बोट वेळेवर द्यायची होती आणि माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. चोरी आहे ही."

डॉक्टर हरखलेच. हेही मूळच म्हणायचं की, ते म्हणाले. वर पॉलिश मारून तसंच ठेवू, पाहुण्यांना दाखवता येईल.

"पाहुण्यांना दाखवायचं असेल तर बोट अंगणात ठेवा," ताई म्हणाली. "पाण्यात घालायची असेल तर हे निघणार."

डॉक्टरांनी आशेने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी लेकीच्या हातून हातोडा मागून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. पुढचे चार दिवस दोघांनी मिळून वाफेवर लाकूड वाकवलं, नवी बरगडी बसवली. दोघं भांडली ती फक्त मापांवरून, पण ती भरपूर.

यॉट पाण्यात उतरली आणि कुठलीही लाकडी बोट फळ्या फुगेपर्यंत गळते तशी दोन दिवस गळली. तेवढ्यात डॉक्टरांचे अकरा फोन आले. तिसऱ्या दिवशी आत थेंब नव्हता.

महिन्याभराने यॉट क्लबच्या मासिकात डॉक्टरांचा लेख आला, 'मी वाचवलेली नौका'. त्यात ताईचा उल्लेख 'स्थानिक मदतनीस' असा होता. आप्पांनी तो दोनदा वाचला आणि तिच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.

"ती बोट माझ्या मुलीने वाचवली. माझ्यापासून," ते म्हणाले. "तसं छापा."

डॉक्टरांनी दुरुस्ती छापायचं कबूल केलं. पुढच्या अंकात ती आली. दुरुस्ती एवढीच, की लेखात डॉक्टरांचा फोटो राहून गेला होता, तो यावेळी पानभर छापला होता.