चिखलाखालचं पहिलं शून्य

मी एक जुना मापाचा खांब आहे. खाडीच्या चिखलात उभं राहून पाण्याची खोली दाखवायची, हे माझं काम. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला भीती वाटते. खांबाला कसली आलीय भीती, म्हणून हसू नका. ज्याला जागचं हलता येत नाही, त्याची भीती फार वाईट असते.

सुताराने मला तासलं, डांबर पाजलं आणि रंगाऱ्याने अंगभर आकडे काढले. शून्यापाशी सुताराने एक खोल खाचही पाडली. रंग उडतो, खाच राहते. तेव्हा खाडीचा तळ बांधापलीकडच्या गल्लीहून चांगला खाली होता.

मग खाडी सुधारणारी माणसं आली. एकांनी खारफुटी लावली, दुसऱ्यांनी कालवांसाठी दगड रचले, तिसऱ्यांनी वाळू अडवली. काम झकास झालं हो! खेकडे परतले, मासे परतले, बगळे माझ्या डोक्यावर बसून ऐटीत मान वेळावू लागले. माझंही कौतुक झालं. पण प्रत्येक नव्या तुकडीची एक पद्धत होती. माझ्या पायाशी चिखल दिसेल तिथे शून्य धरायचं आणि मला नव्याने रंगवायचं. मुळांनी गाळ धरला, दगडांनी धरला, वाळूनेही धरला. तळ वर चढला, त्याच्याबरोबर शून्यही चढलं. समुद्र तर चढतच होता. माझ्यावरचं पाणी मात्र दरवेळी तेवढंच दिसायचं. खोटं कोणीच बोललं नाही, पण सगळ्यांची बेरीजही कोणी केली नाही. मी आतल्या आत ओरडत होतो. लाकडाचं कोण ऐकतं?

हल्ली मोजणीला येते ती गल्लीतलीच लेक. तिची आई अजून बांधालगतच्या घरात राहते. परवा ओहोटीला ती मला रंगवायला आली आणि जुना रंग खरवडू लागली. एकाच्या खालून तीन निघाला, तिनाच्या खालून पाच. तिचा हात थबकला. मग तिने गुडघे टेकले आणि चिखलात खांद्यापर्यंत हात घातला. तिची बोटं माझ्या खाचेला लागली.

ती उठली आणि बांधावर चढली. पलीकडे आई अंगणात कपडे वाळत घालत होती. लेकीने एकदा खाडीच्या चिखलाकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे. दोन्ही एका पातळीला आले होते.

"आई, सामान बांध! आजच निघायचं!"

"काहीतरीच काय! पाणी होतं तेवढंच आहे, असं तूच म्हणालीस ना?"

"तेवढंच आहे गं. पण तळ वर आलाय, आणि तू खालीच राहिलीस."

आईच्या हातातली साडी तशीच राहिली. संध्याकाळी ती गाठोडं घेऊन लेकीबरोबर गेली. बाकीची गल्ली हसली. "पोरगी पहिल्यापासून भित्री," म्हणाली.

मित्रांनो, आज भरती आली आहे. बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरतंय, आणि पलीकडे कोणीतरी तो ओलावा झाडूने सारतंय. खारफुटी जपा, कालवं जपा, माझी ना नाही. पण मला रंगवण्याआधी एकदा चिखलात हात घाला. माझी खाच शोधा. आत्ता, या घडीला, माझ्यावरचं पाणी त्या घरांच्या खिडक्यांच्या उंचीला आलं आहे, आणि मधे फक्त मातीचा बांध आहे.